यंत्रबुद्धीचे नियमन : नीती, नफा आणि शासन

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी अलीकडे जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात नीतितत्त्वांची उणीव मुळीच नाही. यंत्राने भेदभाव करू नये, त्याच्या निर्णयाची कारणे माणसाला कळावीत, व्यक्तीचे खाजगी जीवन सुरक्षित राहावे, अंतिम जबाबदारी माणसाकडेच असावी, ही तत्त्वे आता बहुतेक राष्ट्रांच्या व मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहीरनाम्यांत आढळतात. युनेस्कोने तर नोव्हेंबर २०२१ मध्ये सभासद-राष्ट्रांच्या संमतीने ह्या विषयावर एक शिफारसपत्रच स्वीकारले. तत्त्वांविषयी इतके एकमत असताना व्यवहारात ती वारंवार का मोडली जातात, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ज्यांनी ती लिहिली त्या सर्वांना दांभिक ठरविणे सोपे आहे. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. माझ्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वांच्या यादीत सापडणार नाही. यंत्राच्या वापरापासून लाभ कोणाला होतो आणि त्याच्या चुकीचे नुकसान कोणाला सोसावे लागते, ह्या हिशेबात ते सापडेल. हा हिशेब नीट जुळविणे हेच शासनाचे मुख्य काम होय. आणि शासन स्वतःच यंत्र वापरू लागले म्हणजे तोच हिशेब त्यालाही लागू करावा लागतो. प्रस्तुत लेखात एवढेच विशद करण्याचा हेतू आहे.

यंत्राला ध्येय कोण देते?

पूर्वीच्या संगणकाला माणूस नियम सांगत असे व संगणक ते बिनचूक पाळीत असे. आजच्या यंत्रबुद्धीची रीत निराळी आहे. तिला नियमांऐवजी उदाहरणे पुरविली जातात. कर्ज मागणाऱ्यांचे लक्षावधी जुने अर्ज, आणि त्यांपैकी कोणी कर्ज फेडले व कोणी बुडविले, ही माहिती तिच्यापुढे ठेवली की तीतून ती स्वतःच काही खुणा हुडकून काढते व नव्या अर्जदाराविषयी अंदाज बांधते. ह्या शिक्षणासाठी यंत्राला एक ध्येय द्यावे लागते, आणि ते ध्येय आकड्यांत मांडता येण्यासारखे असावे लागते : बुडीत कर्जे कमी होणे, ग्राहक अधिक वेळ पडद्यासमोर बसणे, खोटे अर्ज अधिक संख्येने पकडले जाणे. यंत्राला ह्या आकड्यापलीकडचे जग ठाऊक नसते. तेव्हा यंत्रबुद्धी नीतिमान आहे की नाही, असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. तिच्यापुढे कोणता आकडा ठेवला, तो कोणी ठेवला आणि कोणत्या लाभाच्या अपेक्षेने ठेवला, असे विचारणे अधिक योग्य होईल.

एखाद्या आकड्याला पैसा जोडला म्हणजे सज्जन माणसांचेही वर्तन कसे बदलते, ह्याचे उदाहरण शिक्षणाच्याच इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो ह्यांच्या पुढाकाराने 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत सुरू झाली. वाचन, लेखन व गणित ह्या तीन विषयांच्या परीक्षेवर प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग मिळत आणि नापास झालेल्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. सरकारचा पैसा वाया जाऊ नये, हा हेतू वाईट नव्हता. परंतु परिणाम असा झाला की ज्या विषयांना पैसा नव्हता ते मागे पडले, आणि तपासनिसापुढे वाचावयाचे पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेण्यात येऊ लागले. प्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते; त्यांनी ह्या पद्धतीला सतत विरोध केला. मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदानाचा प्रयोग झाला, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या काळचे शिक्षक आपल्यापेक्षा कमी नीतिमान होते, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे आकडाच चुकीचा ठेवलेला होता. यंत्रबुद्धीच्या बाबतीत हीच गोष्ट शतपट वेगाने घडते. कारण येथे आकड्याच्या मागे धावणाऱ्याला थकवा नाही आणि संकोचही नाही.

नुकसान दुसऱ्याच्या खाती

अर्थशास्त्रात ह्या प्रकाराला शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेले आहे. आर्थर पिगू ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे काळे करतो; परंतु ते धुण्याचा खर्च कारखानदाराच्या वहीत कोठेच लिहिला जात नाही. ज्या खर्चाची नोंद आपल्या वहीत होत नाही तो कमी करण्याची प्रेरणा माणसाला सहसा होत नाही. म्हणून कर, दंड किंवा निर्बंध ह्यांच्या द्वारे शासनाने तो खर्च त्याच्या वहीत लिहावयास लावावा, असा ह्या विचाराचा निष्कर्ष आहे.

यंत्रबुद्धीचा धूर डोळ्यांना दिसत नाही, पण तो आहे. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये आपल्या वाचकांपुढे येणाऱ्या मजकुराचा क्रम बदलला व लोकांच्या परस्परांतील 'अर्थपूर्ण' देवघेवीला प्राधान्य देण्याचे जाहीर केले. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन ह्या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. मजकुराचे वजन ठरविताना साध्या पसंतीच्या खुणेपेक्षा रागाच्या चिन्हासह इतर भावचिन्हांना २०१७ पासून पाचपट महत्त्व दिले गेले होते. आणि नव्या क्रमामुळे चीड आणणारा मजकूर अधिक पसरतो, अशी चिंता कंपनीतीलच संशोधकांनी नमूद करून ठेविली होती. कोणी द्वेष पसरविण्याचा संकल्प केला होता, असे ह्यावरून सिद्ध होत नाही. जाहिरातीचे उत्पन्न लोकांच्या गुंतून राहण्यावर अवलंबून, राग आलेला माणूस अधिक गुंततो, आणि बिघडलेल्या शेजारधर्माची किंमत कंपनीच्या ताळेबंदात येत नाही. एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढचे आपोआप घडते.

कंपनी स्वतःच स्वतःला नियम घालून घेईल, तर मग शासनाचा हात कशाला हवा, असा प्रश्न येथे विचारला जातो. त्याचे उत्तर दोन ताज्या उदाहरणांत मिळते. लष्करासाठी चित्रे ओळखण्याच्या एका कामास कर्मचाऱ्यांनी विरोध केल्यावर गूगलने जून २०१८ मध्ये आपली तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि शस्त्रास्त्रांसाठी यंत्रबुद्धी देणार नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते कलम काढून टाकण्यात आले; त्याच्या समर्थनात जागतिक स्पर्धेचा उल्लेख होता. दुसरे उदाहरण ओपनएआयचे. ही संस्था डिसेंबर २०१५ मध्ये नफ्याच्या बंधनातून मुक्त राहून मानवजातीच्या हितासाठी काम करावे, ह्या उद्देशाने स्थापन झाली. परंतु प्रचंड संगणकशक्तीला प्रचंड भांडवल लागते. २०१९ साली तिने मर्यादित नफ्याची एक शाखा काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये विश्वस्तांच्या मंडळाने मुख्याधिकारी सॅम ऑल्टमन ह्यांना दूर केले. तेव्हा बहुतेक सर्व कर्मचाऱ्यांनी सोडून जाण्याचा इशारा दिला आणि पाचएक दिवसांत ते परत आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्थेची नफा मिळविणारी शाखा सार्वजनिक हिताचा उद्देश नमूद असलेली कंपनी म्हणून नव्याने उभी करण्यात आली.

ह्या दोन्ही प्रसंगी कोण चुकले, ह्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की स्वतः घातलेली गाठ स्वतःला सोडताही येते. स्पर्धेत एकाने थांबावयाचे ठरविले तर दुसरा पुढे जातो, म्हणून थांबण्याची इच्छा असणाराही थांबत नाही. सर्वांनी एकाच वेळी थांबावे, अशी तजवीज स्पर्धकांपैकी कोणालाच करता येत नाही. ती त्यांच्या बाहेरच्या सत्तेलाच करावी लागते.

सिद्ध कोणी करावयाचे?

ही बाहेरची सत्ता काय करू शकते, हे समजण्यासाठी औषधांच्या नियमनाचा इतिहास उपयोगी पडतो. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड ह्या औषधाचे गोड पेय बाजारात आले. ते विरघळविण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरले होते. शंभराहून अधिक माणसे दगावली व त्यांत पुष्कळ मुले होती. औषध विकण्यापूर्वी त्याची तपासणी करावी, असे कोणतेही कलम तेव्हा कायद्यात नव्हते. 'एलिक्झिर' म्हणविणाऱ्या औषधात मद्यार्क असावयास पाहिजे व ह्यात तो नाही, म्हणून नाव खोटे, एवढाच आधार अधिकाऱ्यांना कारवाईसाठी मिळाला. पुढील वर्षी, १९३८ साली, नवा कायदा झाला आणि औषध सुरक्षित असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी देण्याचे ओझे उत्पादकावर पडले. एवढ्या एका बदलाने व्यवसायाची प्रेरणाच पालटली. तपासणी हा तोपर्यंत टाळता येण्याजोगा खर्च होता. आता ती बाजारात शिरण्याची वाट झाली.

युरोपीय संघाचा यंत्रबुद्धीविषयक कायदा ह्याच विचारावर उभा आहे. तो १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला व त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. त्यात सर्व यंत्रांना एकच नियम लावलेला नाही. जोखमीप्रमाणे वर्ग पाडलेले आहेत. काही उपयोग सर्वस्वी निषिद्ध आहेत. शासनाने किंवा इतरांनी माणसाच्या वागणुकीला गुण देऊन त्यावरून त्याला अन्याय्य वागणूक देणे हा त्यांपैकी एक. दुसरा निषेध आपणां शिक्षकांना विशेष महत्त्वाचा वाटेल : शाळेत व कामाच्या ठिकाणी यंत्राकरवी माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या भावना ओळखणे, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, मना आहे. हे निषेध २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाले. त्याखालचा वर्ग मोठ्या जोखमीच्या उपयोगांचा. शाळा-महाविद्यालयांतील प्रवेश ठरविणे, विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करणे, परीक्षेच्या वेळी त्यांच्यावर नजर ठेवणे, ही कामे ह्या वर्गात घातलेली आहेत. अशा यंत्राच्या निर्मात्याने जोखीम तपासावी, नोंदी ठेवाव्या आणि माणसाची देखरेख राहील अशी रचना करावी, असे बंधन आहे.

ह्या कायद्यातील दंडाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. निषिद्ध उपयोग करणाऱ्यास साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ७ टक्के, ह्यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो. लहान उद्योगांना मात्र ह्यांपैकी लहान रक्कम लागू होते. ठरावीक रकमेचा दंड मोठ्या कंपनीला किरकोळ खर्चासारखा असतो. उलाढालीच्या प्रमाणात आकारलेला दंड संचालक मंडळाच्या बैठकीत चर्चिला जातो. हे तत्त्व आपल्याला परके नाही. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये झालेल्या ओलियम वायूच्या गळतीच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये असा निर्णय दिला की घातक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण असते, 'आम्ही काळजी घेतली होती' हा बचाव तेथे चालत नाही, आणि नुकसानभरपाई उद्योगाच्या आकारमानास व ऐपतीस अनुरूप असावी. सरन्यायाधीश प्रफुल्लचंद्र भगवती ह्यांच्या कारकीर्दीतील हा अखेरचा मोठा निर्णय. भोपाळची दुर्घटना त्या वेळी ताजी होती. यंत्रबुद्धीला वायूसारखा वास नाही, म्हणून तिच्या जबाबदारीचे तत्त्व निराळे असावे, असे म्हणण्यास मला कारण दिसत नाही.

शासनालाही स्वतःचा आकडा असतो

येथपर्यंतचे विवेचन वाचून, नफेखोर कंपनी एका बाजूस आणि निःस्पृह शासन दुसऱ्या बाजूस, असे चित्र मनात उभे राहण्याचा संभव आहे. ते खरे नाही. शासनाला नफा नको असला तरी बचत हवी असते, गैरप्रकार पकडल्याची संख्या दाखवावयाची असते, आणि प्रगतीचा लौकिकही हवा असतो. तेही आकडेच आहेत.

इंग्लंडमध्ये २०२० साली साथीमुळे शालान्त परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या श्रेणी सुचवाव्या व परीक्षा-नियामक संस्थेने त्या एका गणनविधीने समपातळीवर आणाव्या, असे ठरले. ह्याला काटेकोर अर्थाने यंत्रबुद्धी म्हणता येणार नाही, ते संख्याशास्त्रीय प्रारूप होते. पण शिकवण तीच आहे. एकंदर निकाल मागील वर्षांपेक्षा फुगू नये, हे त्याचे मुख्य ध्येय होते. म्हणून प्रत्येक शाळेच्या पूर्वीच्या निकालांना प्रारूपात मोठे स्थान मिळाले. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा उच्च स्तरावरील सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपेक्षा खाली आलेल्या होत्या. ज्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी विद्यार्थी होते तेथे मात्र शिक्षकांचीच श्रेणी राहिली; आणि असे लहान वर्ग बहुधा खाजगी, सधन शाळांत असत. साधारण शाळेतील हुशार मुलाला त्याच्या आधीच्या तुकड्यांचा निकाल भोवला. मुले रस्त्यावर आली, आणि चारच दिवसांनी, १७ ऑगस्टला, तो विधी मागे घेण्यात आला. निकाल फुगू न देणे हे नियामक संस्थेचे काम होते व ते तिने चोख केले. एका विशिष्ट मुलीला न्याय मिळाला की नाही, हे त्या आकड्यात कोठेच नव्हते.

इंग्लंडमधील मुलांना निदान एकत्र येऊन आवाज उठविता आला. गरिबाला ते जमत नाही, आणि त्याचे उदाहरण आपल्या ह्या तेलंगणातच आहे. निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून एका माणसाची सर्व माहिती एकत्र आणणारी 'समग्र वेदिका' ही संगणकीय व्यवस्था राज्यात उभी राहिली व शिधापत्रिकांची पात्रता तपासण्यासाठी तिचा उपयोग करण्यात आला. त्याच काळात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष घरोघर जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. त्या सर्वच पत्रिका यंत्राच्या चुकीने रद्द झाल्या, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. पुष्कळ खरोखर अपात्र असतील. परंतु नावाच्या साम्यावरून एखाद्या गरिबाच्या नावे दुसऱ्याची मोटार लागली, तर शासनाच्या हिशेबात ती बचत म्हणूनच दिसते. उपाशी राहण्याचा खर्च त्या घराच्या खाती पडतो, आणि त्या घराला वही नसते.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या साहाय्याच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जोखीम मोजणाऱ्या स्वयंशिक्षित प्रारूपात राष्ट्रीयत्व ही एक खूण होती. हजारो पालकांवर लबाडीचा ठपका आला व सर्व रक्कम परत मागण्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माहितीरक्षण प्राधिकरणाने करखात्याला साडेसत्तावीस लाख युरो दंड केला. आता हा दंड कोणी भरला? अर्थात करदात्यांनी, आणि त्यांत ते पालकही आले. कंपनीच्या बाबतीत जो उपाय रामबाण वाटतो तो शासनाच्या बाबतीत असा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

म्हणून शासनावरील अंकुश पैशाचा असून भागत नाही. निर्णयाची कारणे लेखी देण्याचे बंधन, साहाय्य बंद करण्यापूर्वी नोटीस, माणसापुढे दाद मागण्याची सोय, स्वतंत्र तपासणी व विधिमंडळापुढे अहवाल, हे त्याचे अंकुश होत. हेगच्या जिल्हा न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी 'सिरी' ही दुसरी एक जोखीम-शोधक व्यवस्था रद्द ठरविली, ती मुख्यतः ह्याच कारणाने, की तिचे काम कसे चालते हे बाहेरच्या कोणासही पडताळून पाहता येत नव्हते.

काही आक्षेप

नियमनावर एक आक्षेप असा की त्याचा भार लहान उद्योगांवर पडतो आणि मोठ्यांचे आसन अधिक बळकट होते. हा आक्षेप खोटा नाही. मोठ्या कंपनीला दहा वकील ठेवता येतात. नव्या उद्योगाला एकही परवडत नाही. जोखमीप्रमाणे वर्ग पाडणे व लहान उद्योगांना दंडात सवलत देणे हे त्यावरील उपाय होत. त्याशिवाय शासन स्वतः मोठा खरेदीदार व मोठा दाता आहे, हे विसरता कामा नये. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये 'इंडिया-एआय' योजनेसाठी १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले, आणि त्यांतून संशोधकांना व नव्या उद्योगांना संगणकशक्ती सवलतीत देण्याची व्यवस्था आखली. जो पैसा देतो त्याला अट घालता येते. सार्वजनिक पैशाने बनणाऱ्या यंत्राची तपासणी उघड व्हावी, एवढी अट घालण्यास नव्या कायद्याचीही गरज नाही.

दुसरा आक्षेप राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धेचा. एकाने बंधने घातली तर दुसरा पुढे जाईल, ही कंपन्यांची भीती आता राष्ट्रांच्या तोंडी आली आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये अध्यक्ष बायडन ह्यांनी काढलेला आदेश अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी पदग्रहणाच्या दिवशीच, २० जानेवारी २०२५ रोजी, रद्द केला. युरोपीय आयोगानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये मोठ्या जोखमीच्या यंत्रांवरील बंधने पुढे ढकलण्याचा प्रस्ताव मांडला. तथापि स्पर्धेचा मुद्दा सर्व उपयोगांना सारखाच लागू होत नाही. शिधापत्रिका रद्द करण्यापूर्वी माणसाला विचारावे, ह्या नियमाने कोणते राष्ट्र मागे पडणार आहे?

आपल्या देशाची वाट अद्याप पक्की झालेली नाही. केंद्र सरकारने १ मार्च २०२४ रोजी, चाचणी पूर्ण न झालेल्या यंत्रबुद्धीसाठी पूर्वपरवानगी घ्यावी, अशी सूचना काढली. टीका होताच पंधरा दिवसांत ती बदलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतंत्र कायद्याऐवजी विद्यमान कायद्यांवर व स्वेच्छेच्या पालनावर भर देण्यात आला. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला व त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु सुरक्षितता, सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी सरकारी संस्थांना त्यातून सूट देण्याचा अधिकारही केंद्र सरकारकडे आहे. अर्थात ज्या बाजूस पैशाचा अंकुश चालतो तेथे तो आला आहे. ज्या बाजूस कारणांचा व दादीचा अंकुश हवा तेथे वाट मोकळी राहिली आहे. आपल्या चर्चेचा रोख ह्या उणिवेकडे असावयास पाहिजे.

मराठी भाषक आणि शिक्षक ह्यांचे काम

ह्या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे आणि ती आपल्यासारख्या परिषदेच्या सभासदांनी अवश्य पाहावी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. तरीही यंत्रबुद्धीला शिकविण्याजोगा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने अत्यल्प आहे, आणि मराठी ग्राहकापासूनचे उत्पन्नही कमी. सुरक्षिततेची चाचणी प्रथम जेथे उत्पन्न आहे त्या भाषेत होते. त्यामुळे इंग्रजीत नीट उत्तर देणारे यंत्र मराठीत औषधाची मात्रा किंवा कायद्याचे कलम चुकीचे सांगेल, आणि ती चूक कंपनीच्या ध्यानी यावयास कोणी तक्रारही करणार नाही. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' हा भारतीय भाषांसाठी उपक्रम सुरू केला तो ह्या दृष्टीने योग्यच आहे. जेथे बाजाराला प्रेरणा नाही तेथे शासनाने खर्च करावयाचा असतो. पण त्या खर्चाचे चीज व्हावयाचे तर मराठीतील चुका मराठी जाणणाऱ्यांनीच शोधावयास पाहिजेत. मराठवाड्याची, वऱ्हाडची, कोकणची, आणि हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतील मराठी, ह्या सर्वांची परीक्षा मुंबई-पुण्याच्या एका नमुन्यावरून होणार नाही. साहित्यसंस्थांनी हे काम अंगावर घेण्यासारखे आहे.

शाळांना आता निरनिराळी यंत्रे विकावयास माणसे येऊ लागली आहेत : निबंध तपासणारी, हजेरी घेणारी, मुलांची 'प्रगती' वर्तविणारी. अशा वेळी मुख्याध्यापकाने तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. त्याने तीन प्रश्न विचारले तरी पुरे. ह्या यंत्राने चूक केली तर नुकसान कोण सोसणार, आणि ते करारात लिहून देता काय? मुलाला किंवा पालकाला निर्णय मान्य नसेल तर कोणत्या माणसाकडे जावे, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल? हे यंत्र आमच्या मुलांच्या भाषेत, आमच्यासारख्या शाळेत, कोणी आणि केव्हा तपासले आहे? पहिल्या प्रश्नाने खर्च त्याच्या योग्य खाती पडतो, दुसऱ्याने दादीचे दार उघडे राहते, तिसऱ्याने पुराव्याचे ओझे विकणाऱ्यावर जाते. मोठमोठे कायदे करतात ते हेच. आणि जोपर्यंत ते आपल्याकडे होत नाहीत तोपर्यंत प्रत्येक शाळेला आपल्या दारात ते अल्प प्रमाणात करता येते. उत्तर समाधानकारक न आल्यास यंत्र न घेण्याचाही अधिकार शाळेला आहे, आणि दहा शाळांनी तो वापरला तर अकराव्या शाळेत जाताना विक्रेता उत्तरे तयार ठेवून जाईल.